नावाच्या जागी शेरा

माझ्या बायकोच्या एकूण एक गिऱ्हाइकाचा मी एका रविवारी सकाळी, चहा पिता पिता, एकाच बटणात अपमान केला.

बायको म्हणजे सुनंदा. रायपूरच्या समता कॉलनीत, घराच्या पुढच्या खोलीत ती ब्लाउज शिवते. तिचा हात असा की पार दूरच्या अभनपूरहूनही बाया येतात. मी रेल्वेच्या ऑफिसात बाबू. आमच्या सेक्शनमध्ये कॉम्प्युटरशी जमणारा मी एकटाच, म्हणून मी स्वतःला इंजिनीयर समजत असे. (प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं, एवढीच माझी विद्या!)

तर सुनंदाच्या दुकानाची वेबसाइट मी बनवली. गिऱ्हाइकांची यादी ठेवायचं सॉफ्टवेअर मात्र वेगळं. म्हटलं, दोन्ही जोडून टाकू. इकडे नवीन डिझाइन चढवलं, की तिकडे प्रत्येकीला तिच्या नावानं आपोआप मेसेज!

"मी करते ना एकेकीले फोन," सुनंदा म्हणाली. "काहून नसता उपद्व्याप करून राहिले तुमी?"

"तुले नाही समजायचं ते!"

तिच्या वहीत चार रकाने होते: नाव, फोन, माप आणि शेरा. शेरा म्हणजे तिनं स्वतःपुरती लिहिलेली खूण. मी अख्खी वही, ऑफिसातल्या फायलीसारखी, न वाचता जशीच्या तशी टाइप केली. सॉफ्टवेअरनं विचारलं, 'नमस्कार'च्या पुढे कोणता रकाना घेऊ? मी न पाहताच रुबाबात बोट ठेवलं. शेऱ्यावर!

"आधी एकच पाठवून पाहा," सुनंदा म्हणाली. तोवर बटण दाबून झालं होतं.

पाचव्या मिनिटाला समोरच्या कल्पना वहिनी फाटकात. फोन वॉरंटसारखा पुढे धरलेला.

"भाऊजी, वाचा!"

मी वाचलं. 'नमस्कार कंबर चाळीस पण छत्तीस सांगते! तुमच्यासाठी खास नवीन डिझाइन आलं आहे.'

"वहिनी, ते मशीननं..."

"मशीनले माझी कंबर कशी मालूम?"

मग फोन सुरू झाले. एकीला गेलं होतं, 'नमस्कार उद्याच पाहिजे म्हणते, महिनाभर नेत नाही!' दुसरीला, 'नमस्कार लई बोलते, खुर्ची देऊ नये!' ही दुसरी शांतपणे म्हणाली, "हव भैया, मैं बहुत बोलती हूँ। अब सुनो!" मी अर्धा तास ऐकलं. उभ्यानं!

आतून आमची पोट्टी, स्वरा, धावत आली. "पापा, मामी को भी भेजा क्या?"

सुनंदाच्या सख्ख्या भावजयीला गेलं होतं, 'नमस्कार नात्यातली आहे, सहन करणे!'

मी घाबरून घाईघाईनं वेबसाइटवर माफीनामा टाकला. दोन्ही जोडलेले आहेत, हे मीच विसरलो. (जोडणी मात्र पक्की झाली होती, हो!) दुसऱ्या मिनिटाला सगळ्या बायांना पुन्हा मेसेज. कल्पना वहिनींना गेला, 'नमस्कार कंबर चाळीस पण छत्तीस सांगते! झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व.'

सुनंदा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वही उघडून एकेक नाव पाहत होती. एका नावावर तिचं बोट थांबलं.

"मेश्राम मॅडम," ती म्हणाली. "गाडी काढा."

अभनपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या मेश्राम मॅडम. त्यांचा शेरा मी तिथं उभ्या उभ्या पहिल्यांदा वाचला. 'ऑपरेशन झालं. डावीकडे आतून पॅड शिवणे. कोणाले कळू नये.'

स्कूटरवर अभनपूर येईपर्यंत मी माफीचं भाषण पाठ करत होतो. मॅडमनी दार उघडलं आणि भाषण स्कूटरवरच राहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे. हिनं कोणाले सांगितलं नव्हतं. मलेही नाही. मी न वाचता छापलं."

मॅडमनी बाहेर येऊन दार मागून ओढून घेतलं.

"फोन माझ्याच हातात होता म्हणून बरं, भाऊ. नाही तं माझी सूनच उघडते. तिले माहीत नाही अजून."

माझे कान तापले. या वयात, परक्या दारात, शाळेतल्या पोट्ट्यासारखा मी मान खाली घालून उभा! मॅडमनी सुनंदाचा हात धरला. "मी तुझ्याकडेच शिवीन, बाई. फक्त या भाऊले वहीपासून दूर ठेव."

पुढचे आठ दिवस सुनंदा पुढे, मी मागे, अशी आम्ही दारोदार माफी मागितली. बहुतेकींनी माफ केलं. मामींनी अजून विचार चालू असल्याचं कळवलं आहे. जोडणी मी तोडली, आणि सुनंदा पुन्हा एकेकीला फोन करू लागली.

मला तिनं कॉम्प्युटरवरून उठवून हुक लावायला बसवलं आहे. म्हणाली, "यात तं काही बिघडणार नाही ना?" काल मी मन लावून पाच ब्लाउज पूर्ण केले. पाचही ब्लाउजांना दोन्ही बाजूंनी, काजांच्या जागीही, हुकच लावले!