पहिला वाटा नंदलालचा

शहापूरपलीकडच्या एका गावात कुंताबाईंनी अकरा वर्षं हाती काठी घेऊन गावचं जंगल राखलं होतं. चोरून लाकूड तोडणाऱ्या नंदलालला त्यांनी कितीदा तरी पकडलं, तेव्हा कुठे त्याने कुऱ्हाड टाकली. यंदापासून जंगल राखल्याबद्दल गावाला दरवर्षी मोबदला मिळणार होता. "तो कोणाला द्यायचा, ते तुम्हीच ठरवा," मोबदला देणाऱ्या संस्थेच्या स्वातीताई ग्रामसभेत म्हणाल्या.

सगळ्यांनी कुंताबाईंचं नाव घेतलं. त्या उठून म्हणाल्या, "पहिले नंदलालले द्या."

"काहून?" सरपंचांनी चकित होऊन विचारलं.

"मी त शेती सांभाळून फिरली. याचा त अख्खा धंदाच गेला. याले काही भेटलं नाही, त हा उद्या पुन्हा कुऱ्हाड उचलन."

मागे बसलेला नंदलाल मान खाली घालून हसला. नियम तसाच ठरला: जंगल राखण्यात ज्याची कमाई गेली त्याचा वाटा पहिला, मग राखणदारांचा. नंदलालने आपणहून राखणीत नाव दिलं.

आता गस्तीला तोच पुढे असतो. सगळ्या चोरवाटा त्याला पाठ आहेत. मागून कुंताबाई धापा टाकत म्हणतात, "हळू चाल ना रे, आता तुले पकडाचं नाही मले."