इमारतीची उलटी बाजू

मी चौथीपर्यंत शिकलो. मागावर उभं राहून जन्मभर कापड काढलं. त्यामुळे कुठलीही वस्तू आधी उलटून बघायची खोड. चांगली बाजू सगळेच दाखवतात. गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग उलट्या बाजूला सापडतो.

इमारतीही मी तशाच बघायचो. सुट्टीला आम्ही नवरा-बायको आमच्या गोडादऱ्याहून बस धरून शहरातल्या जुन्या चौकात जायचो. किल्ल्याजवळ बसून भाकरी खायची आणि जुन्या गल्ल्यांतून हिंडायचं. तिथं एक लाकडी घर आहे. पुढच्या खांबांवर वेली, पोपट. मागच्या बोळात फक्त मांजरं जातात, तरी तिथल्या दारावरही तेवढंच कोरीव काम. कारागिरानं हात आखडला नाही. दर वेळी मी त्या दारावर हात फिरवायचो.

बायकोला नवं आवडायचं. काचेनं मढवलेलं कापड मार्केट दिसलं की थांबायची. मी तिला मागच्या बाजूला न्यायचो.

"बघ. गळके पाइप, एसीचे डबे. ही तुझी राणी."

"बाई लुगडं उलटं नेसस का हो?" मी तिला बघायला गेलो होतो त्या दिवसाचा दाखला देत ती भर रस्त्यात अहिराणीतच भांडायची. "तुम्ही माले देखाले उनात, तवय उलटी करीसन देखं का?"

एका ठिकाणी मात्र आमचं जमायचं. तापीवरचा तारांचा पूल. खांबापासून सुटलेल्या तारा, जणू मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावलाय. त्याला उलटं-सुलटं नाहीच. दोघंही न भांडता बघायचो.

तिला जाऊन आठ महिने झाले. मुलानं भेस्तानला बाराव्या मजल्यावर घर घेतलं. "आप्पा, चला" म्हणून मागे लागला. मी नाही म्हणायचो. आमच्या खोलीच्या भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. तिथं टेकून ती साड्यांना टिकल्या चिकटवायची. खोली सोडली तर ती दुसऱ्यांदा जाईल, असं वाटायचं.

परवा मुलगा म्हणाला, "आज बघून तरी या. मग हो की नाही, एकदाचं सांगा."

गेलो. पुढून इमारत देखणी, खोटं कशाला बोलू. मी सरळ इमारतीच्या मागच्या बाजूला वळलो.

"काका, उधर कहाँ? गेट इधर है!" वॉचमन ओरडला.

"पीछे से देखना है."

पाइप एका ओळीत, एकही सांधा ओला नाही. प्रत्येक स्वयंपाकघराला धुण्याची छोटी गॅलरी. एका गॅलरीत पापड वाळत होते. दुसऱ्या मजल्यावर एक बाई भिंतीला टेकून साडीला टिकल्या लावत होती आणि वरच्या मजल्यावरच्या बाईशी मान वर करून भांडत होती. मी बराच वेळ उभा राहिलो. कारागिरानं इथंही हात आखडला नव्हता.

वर गेलो आणि मुलाला म्हणालो, "येतो. पण तुझ्या आईचा फोटो मागच्या गॅलरीत लावायचा."

सून म्हणाली, "मामा, हॉलमध्ये लावू ना. लोकांना दिसेल."

"लोकांना दिसायला नाही लावायचा. तिथून आजूबाजूच्या सगळ्या इमारतींच्या पाठी दिसतात. आता बघत बस म्हणावं तिला."