सुनीताच्या पोटातली वस्ती

किस्से काही मुद्दाम साठवावे लागत नाहीत. दुधाच्या रिकाम्या पिशव्या आपण एकेक करून ओट्याखाली सारतो आणि एक दिवस सगळा ढीग अंगावर येतो, तसं असतं. हा माझ्या अंगावर आलेला ढीग.

आटपाट कोल्हापूर. त्यात शिवाजी पेठ. पेठेत एक सासू होती, ती मी. मला एक मुलगा, विलास, शिरोलीला फाउंड्रीत कामाला. त्याची बायको सुनीता, अंगानं भरलेली. एक लेक शकू, पुढच्याच गल्लीत दिलेली, वाळल्या शेंगेसारखी. आणि भिंतीपलीकडं पद्मक्का, जैनांची. एवढ्याच माणसांत सगळं घडलं.

*

सुनीताला चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं. वजन वाढलेलं, कंबर वाढलेली, बीपी, साखर, रक्तातली चरबी, सगळंच वर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे सगळं एकत्र आलंय ताई. आता हयगय नको."

सुनीताचं तोंड उतरलं. राधानगरीकडं तिच्या आईचा पाय याच साखरेनं गेलेला.

घरी आलो तर दारात शकू उभी. "वयनी, आमच्याम्होरं एक भाकरी, आन् आत जाऊन किती गं?"

त्या दिवसापासून सुनीतानं आमच्या पंगतीला बसायचं सोडलं. "भूक न्हाई, आत्ती." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. माझा जीव थाऱ्यावर राहिना. उठायचं, पातेल्याचं झाकण काढायचं, काही कमी झालंय का बघायचं, परत बसायचं. पातेलं होतं तसंच!

शेवटी शकूला म्हटलं, "वयनीचं ताट मोजतीस, तुझं कोण मोजायचं?"

"माझं मोजून काय करतीस? खाल्लेलं दिसाय अंग तरी हाय का मला!"

*

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी नवंच काढलं. "आमचा एक अभ्यास चाललाय. सगळ्यांच्याच आतड्यांत जंतू असतात. वजन, साखर, बीपी असं एकत्र वाढलेल्या बायकांमध्ये ते निरोगी बायकांपेक्षा वेगळे असतात का, ते बघतोय. सुनीताताई, याल का त्यात?"

"एवढंच व्हय?" मी म्हटलं. "मग जंताचं औषध द्या की बाई! उद्या सकाळी समदं पडतंय!"

"आजी, जंत नव्हेत, जंतू! ते पाडायचे नाहीत, सांभाळायचे!"

चक्कर आल्यापासून सुनीता पहिल्यांदा हसली.

*

ही बातमी भिंतीवरून पद्मक्काला सांगितली. पद्मक्का म्हणजे पाणी गाळून पिणारी, दिवस मावळला की तोंडात घास न घालणारी. ऐकून मटकन खालीच बसली.

"अय्यो! एवढे जीव? माझ्यापण पोटात?"

"सगळ्यांच्याच, अक्का."

"मग मी उपास करतो तवा त्यास्नी जेवाय कोण घालतंय?"

मला काय ठाऊक! पण तिच्या जीवाला घोर लागला. जरा वेळानं उठली आणि आमच्या दारात येऊन सुनीताला म्हणाली, "हे बघ सुनी, तुला मरायचं असंल तर तू उपाशी ऱ्हा. त्या मुक्या जीवांनी तुझं काय घोडं मारलंय? पाप कुणाला लागायचं?"

सुनीता उठली. गेली तिच्या मागं. दिवस मावळायच्या आत पद्मक्कानं तिच्यापुढं ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि घेवड्याची भाजी ठेवली. मी अलीकडं भिंतीला कान लावून. वाटीचा आवाज येतोय का? येईना. मग आला.

पलीकडून पद्मक्का ओरडली, "काकू, कान काढा भित्तीचा! जेवली ती!"

*

रोज काय काय खाल्लं ते विचारायला दवाखान्यातून एका मुलीचा फोन यायचा. मुलगी पुण्याकडची, बिचारी नवी. आमच्याकडं बायकासुद्धा आलो-गेलोच म्हणतात, हे तिला कुठलं माहीत!

सुनीता म्हणाली, "मी आत्ताच जेवलो."

"बरं दादा. जरा सुनीताताईंना फोन द्या ना."

"मीच हाय की सुनीता!"

"मग जेवलं कोण?"

"मीच जेवलो की!"

मुलगी म्हणाली, "दोघंही जेवलात, असं लिहू का?"

*

अभ्यासाला बारीक, निरोगी बायकाही हव्या होत्या. शकू छाती काढून पुढं. "माझ्यासारखी धडधाकट कुटं गावायची?" त्या मुलीनं तिला सांगितलं, "छान, तुम्ही कंट्रोलमध्ये. उद्या या."

दुसऱ्या दिवशी शकू हजर. काखेत दोन पिशव्या, हातात रेशन कार्ड!

"हे कशाला?" मुलीनं विचारलं.

"तुमीच म्हनला न्हवं कंट्रोल? गहू देणार का तांदूळ?"

तिला समजावून सांगितलं. आजारी बायकांशी ज्यांची तुलना करायची, त्यांना इथं कंट्रोल म्हणतात. रेशनच्या दुकानातल्या कंट्रोलचा, धान्याचा काही संबंध नाही. शकूनं दोन्ही पिशव्यांची घडी घातली.

"मग आधी सांगायचं की! इथं रगातच काढून घ्यायचं तर पिशव्या कशाला आणलो असतो?"

*

पुढं सॅम्पल द्यायचं होतं. कसलं, ते सांगायला नको. सुनीतानं बाटली घट्ट बंद केली, पिशवीत गुंडाळली आणि फ्रीजमध्ये ठेवली. शेजारीच विलासचा डबा, तसल्याच पिशवीत. विलास घाईचा माणूस. पिशवी उचलली आणि गेला शिरोलीला.

दुपारी त्याचा फोन. "आई, आज डब्यात नुसती चटणीच दिलीस व्हय? बाटलीवर सुनीताचं नाव लिवलंय."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. "इलास! झाकण उघडू नगंस!"

"का गं? लई तिखट हाय?"

तिकडं दवाखान्यात सुनीतानं नेऊन दिलेली पिशवी डॉक्टरीणबाईंनी उघडली तर भाकरी आणि वांग्याची भाजी! सॅम्पल पुन्हा द्यावं लागलं.

*

मग वाट बघणं. मला एका जागी बसवेना. दारात जायचं, रस्ता बघायचा, आत यायचं, धुतलेली भांडी परत धुवायची.

पहिली बातमी आली ती शकूची. तिच्या रक्तातच साखर निघाली!

"हे कसं?" ती डॉक्टरीणबाईंशी भांडायला उठली. "जाड ही, आन् साखर मला बी?"

"साखर वजनकाटा बघून येत नाही, ताई. तुम्हाला आता कंट्रोलमध्ये घेता येणार नाही."

मग सुनीताचं सांगितलं. तिच्या पोटात जंतूंच्या जाती कमीच दिसल्या. त्यानं वजन वाढलं की वजनानं त्या घटल्या, ते अजून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही म्हणे. "पण यांनी चोरून खाल्लं म्हणून असं झालं, असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही," असं म्हणून बाईंनी शकूकडंच बघितलं. कुणी सांगितलं असेल, देव जाणे!

दुसऱ्या दिवशी उजाडताच शकू दारात. पायात विलासचे जुने बूट.

"वयनी, रंकाळ्याला फिराय जातीस न्हवं? मला न्हेतीस?"

सुनीतानं तिच्या पायांकडं बघितलं. "नाडी तरी बांध. पडलीस तर मला उचलाय लागंल!"

*

पुढं कितीतरी दिवस गोळ्या, फिरणं, डाळी, पालेभाज्या, वेळेवर जेवण असं चाललं. सुनीता परत आमच्या पंगतीला बसायला लागली. तिची साखर उतरली, बीपी ताळ्यावर आलं. कंबरसुद्धा जरा आत गेली. डॉक्टरीणबाईंनी पोटातलं पुन्हा तपासलं. त्या म्हणाल्या, "जाती वाढल्यात! आता भीतीचं कारण नाही. असंच चालू ठेवा." मी तिथंच हात जोडले.

मग त्यांनी अभ्यासातल्या सगळ्या बायकांना बोलावलं. खोली गच्च भरली. मी, शकू, पद्मक्का, तिघी पुढं बसलो. बाईंनी सुनीताला उभं केलं.

"सांगा ताई सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "तुमच्यात एवढा फरक पडला, तो काय खायचं बंद केल्यावर?"

बायका पुढं सरकल्या. कुणी म्हणालं भात असेल, कुणी म्हणालं साखर.

सुनीतानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "बोलणी!"