तलावाला लावलेली हळद

आमच्या घरात अक्कल सगळ्यांना आहे, फक्त ती वेळेवर सापडत नाही.

नवऱ्याने मुंबईची नोकरी सोडली आणि पूर्णगडच्या रस्त्याला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. वर त्याला पोहायचा तलावही हवा होता. जांभा खणून खड्डा केला आणि आत निळं व्हायनिलचं अस्तर बसवलं. बसवणाऱ्याने बजावलं होतं की तारेचा ब्रश लावायचा नाही, पाणी सगळं उपसायचं नाही, नाहीतर अस्तर आखडतं, आणि ब्लीच थेट ओतायचं नाही, निळा रंग उडतो. नवरा रोज सकाळी जाळीने पानं काढायचा, कागदाची पट्टी बुडवून क्लोरीन बघायचा आणि मऊ फडक्याने कडा पुसायचा. स्वतःच्या पोराला त्याने कधी एवढ्या मायेने पुसलं नव्हतं, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

पहिले पाहुणे उद्या दुपारी येणार होते. सकाळी बघते तर तलावाच्या चारी भिंतींवर, पाण्याच्या वरच्या वीतभर जागेत, हळदीची बोटं ओढलेली!

हा उद्योग कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. सासूबाईंचा जन्म होडीवाल्यांच्या घरातला. नवी होडी पाण्यात जायच्या आधी पुजायची, नवी विहीर पुजायची, मग तलाव तेवढा कसा सुटेल? आदल्या संध्याकाळी आम्ही बाजारात गेलेलो बघून त्यांनी काठावर नारळ ठेवला, देवाला गाऱ्हाणं घातलं आणि हळदकुंकू लावलं. कुंकू पुसलं गेलं. हळद मात्र रात्रभरात मुरली होती.

"आई, काय करून ठेवलंस हे!" नवरा ओरडला.

"पान्यात मानसं उतरनार. कोनाला काय होऊ नये म्हनून लावली रे," त्या म्हणाल्या.

तो तोंड फुगवून बसला. मी तावातावाने साबणाचा फडका घेऊन उतरले आणि घासायला लागले. पिवळी बोटं लालभडक झाली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला काय ठाऊक नव्हतं? लग्नापासून हळदीचे डाग पडलेली लुगडी मी उन्हातच टाकत आले. पण समोर कापडाच्या जागी व्हायनिल आलं आणि माझं डोकं बंद पडलं.

वर येऊन बघते, तर सासूबाई ओटीवर पिशवी भरत होत्या.

"मी भयनीकडं जातंय गो. पावनं गेलं की येन. माज्यामुलं पोराचं नुसकान नको."

घर त्यांचं, जमीन त्यांची, आणि डागापायी त्याच निघाल्या! मी पिशवी ओढून घेतली आणि म्हटलं, "गाडी संध्याकाळची आहे. तोवर मला मदत करा."

साबण पाण्याने धुऊन काढला. ऊन आत यावं म्हणून तलावावर सावलीला बांधलेली हिरवी जाळी सोडली. मे महिन्याच्या उन्हाने दुपारपर्यंत तीन भिंतींवरची हळद खाऊन टाकली. चौथी भिंत मात्र फणसाच्या सावलीत, तिथे ऊन फिरकतच नव्हतं. फणस तोडायचा नाही आणि तलाव दोरीवर वाळत घालता येत नाही.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून मोठी परात घेऊन आल्या. उन्हात उभ्या राहिल्या आणि परात वाकडी धरून त्यांनी उन्हाचा कवडसा बरोबर डागावर पाडला. मी दुसरी परात आणली. थोड्या वेळाने नवराही कपाटाचा आरसा उचलून आला. समोरून जाणारी शेजारीण थांबून म्हणाली, "काय गो, तलाव भाजताव काय?" सासूबाई एवढ्या हसल्या की कवडसा फणसावर चढला. संध्याकाळची गाडी घाटीवरून हॉर्न देत गेली, कोणाचं लक्षही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही आम्ही तिघं परात आणि आरसा घेऊन तसेच उभे होतो. पाहुणे जरा लवकरच आले. त्यांना वाटलं, ही इकडची स्वागताची रीत असावी. त्यांनी हौसेने फोटो काढले. आम्हीही काही सांगितलं नाही. भिंत तोवर निळीशार झाली होती.

पाहुणे खोलीत गेल्यावर सासूबाई काठाशी येऊन वाकून बघत राहिल्या. डाग गेल्याचा आनंद होता, पण चेहरा थोडा उतरलेला. पाण्याला राखण उरली नाही, असं त्यांना वाटत असणार.

नवरा आत गेला आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन आला. व्हायनिलपासून चांगला हातभर लांब, पायरीच्या चिऱ्यावर त्याने बोट ठेवलं.

"आई, इथं लाव. आणि परवासारखंच गाऱ्हाणं घाल. परवा मी ऐकलं नव्हतं."