अजिंठ्याच्या घाटात ओरडणारा फॅन बेल्ट

ट्रकच्या केबिनमध्ये बसून लांब जायचं, हे माझं जुनं खूळ. पंचेचाळिसाव्या वर्षी ते पुरं झालं ते वहिनीमुळे. ट्रक चालवणाऱ्या माझ्या दादाला हल्ली कमी ऐकू येतं, अशी तिला शंका होती. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या अख्ख्या गल्लीला कळायच्या. पुढच्या महिन्यात त्याचं लायसन नवं करायचं होतं, त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि कानाचा विषय निघाला की दादा चप्पल घालून बाहेर पडायचा. "ताई, तुम्ही जा बरोबर. नक्की किती ऐकू येतं ते तरी कळंल," ती म्हणाली. म्हणजे मी हौसेनं निघाले, पण थोडी हेर म्हणूनही.

फेरी सोपी होती. फुलंब्रीत अद्रक भरायचं, बऱ्हाणपूरला उतरवायचं, येताना केळी आणायची. एका बाजूचं अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तुम्हालाही जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. केबिनमध्ये साडी नेसून चढू नका, आणि स्वच्छ पेट्रोल पंप दिसला की गरज नसली तरी उतरा.

फुलंब्रीत माल भरून दादानं ट्रक चालू केला आणि बोनेटखालून एक बारीक किंकाळी आली. कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर कुणी पाय द्यावा तशी. मी दचकले, दादा बडीशेप चघळत होता. हा आवाज कसला, असं मी विचारलं. दुसऱ्यांदा, जोरात विचारलं.

"इंजिनचा," तो म्हणाला. "ट्रक हाय हा मंगे, तंबोरा नाय."

थोड्या वेळानं किंकाळी थांबली. सिल्लोडपर्यंत छान सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका. ट्रकच्या उंचीवरून शेतं वेगळीच दिसतात. कुंपणाच्या आत कोण वाळवण घालतंय, कोण विहिरीवर बसून मोबाइल बघतंय, सगळं दिसतं. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला दहा रुपयांत कडक चहा घेतला. पुढे पहूर, जामनेर, मुक्ताईनगर. अंधार पडायच्या आत बऱ्हाणपूर. दादा नेहमीप्रमाणे ट्रकमध्येच झोपला, मी स्टँडजवळच्या लॉजवर. सकाळी मावा जिलेबी खाल्ली. काळपट, जाडजूड, दुधाच्या वासाची. एक पुरते, मी तीन खाल्ल्या.

येताना ट्रक केळ्यांनी गच्च भरलेला. फर्दापूरपासून चढ लागला आणि किंकाळी परत आली, या वेळी थांबेचना. जळक्या रबराचा वास यायला लागला. उष्णतेचा काटा वर सरकताना दादाला दिसला तेव्हा कुठे त्यानं ट्रक कडेला घेतला. इंजिन निवेपर्यंत आम्ही वाघूर नदीची दरी बघत बसलो. मग दमादमानं वर अजिंठा गावात एका गॅरेजवर आलो.

मिस्त्री साठीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी इंजिन चालू ठेवायला लावलं आणि नुसते उभे राहून ऐकलं.

"कब से चिल्लारा ये?"

"चिल्लात नाय चाचा," दादा म्हणाला. "नुसता गरम व्हायलाय."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. बाटलीतलं थोडं पाणी इंजिनचा पंखा फिरवणाऱ्या बेल्टवर लांबूनच उडवलं. आवाज दुप्पट झाला. मला त्यांनी समजावलं, बेल्ट नुसता तिरका चालत असता तर पाण्यानं घडीभर गप्प बसला असता; ओरडणं वाढलं म्हणजे तो ढिला आहे, घसरतोय. मग इंजिन बंद करून अंगठ्यानं दाबून दाखवलं. तिथं दोन बेल्ट शेजारी शेजारी होते. एक ताठ, दुसरा पाळण्याच्या दोरीसारखा सैल, आतून काचेसारखा चकचकीत.

"जोडी में से एकीच बदले ना तुम?"

दादानं होय म्हणून मान हलवली. दुसरा चांगला दिसत होता म्हणाला. चाचा वैतागले. नवा सगळं ओझं ओढतो, जुना नुसता घसरतो, आणि चढावर दोघंही हात टेकतात. मग पाण्याचा पंप नीट फिरत नाही, पंखाही नाही, आणि इंजिन तापतं. जोडी कायम जोडीनंच बदलायची, हे त्यांनी त्याला दोनदा ऐकवलं.

ते नवे बेल्ट आणायला आत गेले तेव्हा दादानं माझ्याकडे न बघता विचारलं, "मंगे, कवापासून वरडायलाय हा?"

घाटापासून, असं म्हणता आलं असतं. त्यानं ते मानलंही असतं.

"फुलंब्रीपासून," मी म्हणाले.

त्यानं हाताचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "म्हंजे काटा नसता बघितला तर इंजिन गेलं असतं."

"हो."

"आन् मागून कुणी हॉर्न देत असंल तर?"

नवी जोडी बसली, चाचांनी पट्टे ताणून पुन्हा अंगठा लावला. इंजिन चालू झालं तेव्हा दादानं बोनेटकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग निघालो.

चार दिवसांनी तो आपण होऊन म्हणाला, चल. शहरात, औरंगपुऱ्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. जाड आवाज ठीक येतात, बारीक आवाज गेलेत. कानाला मशीन लावून पुन्हा तपासू, मग दाखल्याचं बोलू, असं म्हणाले. दाखला अजून हातात नाही. वहिनी रोज विचारते, दादा रोज सांगतो, मिळंल.

मला त्या प्रवासातला मका आठवतो, जिलेबी तर आठवतेच. पण जास्त आठवतो तो मशीन लावल्यानंतरचा पहिला रविवार. ट्रक उभाच होता, दादा सहज स्टेअरिंगवर बसला होता, मी शेजारी. त्यानं इंडिकेटर दिला आणि एकदम थबकला.

"हे टिकटिक काय वाजतंय?"

"इंडिकेटर, दादा. तो कायमच वाजतो."

त्यानं बंद केला. परत लावला. बराच वेळ तसाच चालू ठेवला.