दुसरा डोळा शिक्क्यानंतर

पेणजवळच्या जोह्यातल्या हिरामणशेठच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचं काम सुरभी म्हात्रेचं. जिते गावाहून लग्न होऊन आली तेव्हा तिला माती मळायला बसवलं होतं. लग्नानंतर सातव्या वर्षी हातात बारीक ब्रश आला, तो आजतागायत. आखणी करणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, आणि एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय उठायचं नाही, हा कारखान्याचा नियम. सुरभीला तो सोयीचा होता. ती बोलली की भांडण व्हायचं.

हल्ली भांडण एकाच बाईशी होतं. पेणच्या शाळेच्या हेडबाईंशी.

सुरभीची मुलगी किमया तिथे दहावीत. वर्गात पहिलं उत्तर तिचं. प्रमेयं अशी तोंडी सांगायची की गणिताचे सर पुस्तक उघडून पडताळायचे. पण लिहायला बसली की तासाला चार ओळी, त्याही खाडाखोड करून. पेपर अर्ध्याहून जास्त कोरा. बोर्डाच्या परीक्षेत तिला जादा वेळ आणि सांगेल ते उतरवून घेणारा लेखनिक मिळावा, एवढंच सुरभीला हवं होतं. त्यासाठी शाळेनं बोर्डाकडे प्रस्ताव पाठवायचा असतो. हेडबाईंना मात्र शंभर टक्के निकाल हवा होता.

"सतरा नंबरचा फॉर्म भरा," त्या म्हणायच्या. "बाहेरून बसू दे तिला."

"बाहेरून का? आत काय चोरी केली तिनं?"

"मग आजाराचा दाखला आणा."

दाखल्यासाठी सुरभी तीन ठिकाणी फिरली. पहिल्या डॉक्टरनं लिहिलं, बुद्धी वयापेक्षा पुढे. हे काय सुरभीला ठाऊक नव्हतं? दुसऱ्यानं लिहिलं, वाचन उत्तम, त्यामुळे अध्ययन अक्षमतेच्या नेहमीच्या निकषात बसत नाही. तिसऱ्या ठिकाणी सुरभीनं स्वतःच घोळ घातला. पोर किती हुशार ते दाखवायला तिनं किमयानं डोळे आखलेली वीतभर मूर्ती टेबलावर ठेवली. तपासणाऱ्या बाई मूर्ती न्याहाळत राहिल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या : 'हाताचं कौशल्य उत्तम. लेखनातली अडचण सरावाअभावी असावी.'

हेडबाईंनी ती ओळ लाल पेनानं अधोरेखित केली. "बघा. हात इतका स्थिर, मग लिहायला काय होतं? आळस. दुसरं काय?"

घरी सासू, ठमाबाई, टपलेलीच. "गो, देवाचं डोलं काढते पोर, आनि तू तिला येड्यांच्या डाक्टरकडं फिरवतेस? लोकांनी काय म्हनावं?"

"लोकांनी तिचा पेपर लिहावा," सुरभी म्हणाली. "मग काय ते म्हणावं."

प्रस्ताव द्यायची शेवटची तारीख गणपतीतच येत होती. चतुर्थीच्या आदल्या दुपारी हेडबाई कारखान्यात आल्या. दहा वर्षं त्यांच्या घरचा गणपती इथलाच; त्याचे डोळे कोण आखतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मूर्ती रंगवून तयार होती, फक्त डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. बाहेर रिक्षा थांबलेली, आत गिऱ्हाइकांची गर्दी.

"सुरभी, बाईंची मूर्ती राहिली कशी गो?" हिरामणशेठ ओरडला.

"राहिली नाय, ठेवली." सुरभीनं ब्रश काळ्या रंगात बुडवून हेडबाईंपुढे धरला. "घ्या. तुम्हीच काढा."

"मला कसं येईल?"

"का नाय? तुमचं अक्षर मोत्यासारखं. पोरीच्या वहीत प्रत्येक शेरा बघते मी. हात इतका स्थिर, मग डोळं का येत नाय? आळस?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. हेडबाईंचे कान लाल झाले. "म्हात्रेताई, देवाच्या मूर्तीवर सौदा करता? लाज नाही वाटत?"

"पोरीवर करताना तुम्हाला वाटली?"

"शेठ, दुसऱ्या कुणाला तरी सांगा हो."

हिरामणशेठनं मान खाजवली. दुसरा आखणीवाला, निलेश, तापानं घरी पडला होता आणि अजून चाळीस मूर्ती आंधळ्या बसून होत्या. आज सुरभीला दुखवून त्याचं भागणार नव्हतं. "बाई, काय असंल ती सही करून टाका ना," तो पुटपुटला.

प्रस्ताव सुरभीनं पिशवीत तयारच आणला होता. किमयानं सांगितलेला, सुरभीनं उतरवून घेतलेला. तिन्ही अहवाल मागे जोडलेले. पहिलंच वाक्य होतं : 'विद्यार्थिनीची अडचण कोणत्याही एका नावात बसत नाही, म्हणून ती अडचण नाही असे होत नाही.'

हेडबाईंनी ते दोनदा वाचलं. "बोर्ड हे नाकारेल."

"नाकारू दे. बोर्डाशी मी बघते. तुम्ही वाटेत बसू नका."

हेडबाईंनी सही केली. कागदावर पेन टेकवून नाही, रोवून.

सुरभीनं ब्रश उचलला तसा कारखाना गप्प झाला. भुवई, पापणी, मग बुबुळ. उजवा डोळा उघडला आणि थेट हेडबाईंकडे बघू लागला. सुरभीनं ब्रश पाण्यात टाकला, पदराला हात पुसले आणि उठली.

"अगो!" हिरामणशेठ किंचाळला. "एका डोळ्यावर उठतेस? इतक्या वर्षांत कधी कुणी..."

"सहीखाली शिक्का नाय."

"शिक्का शाळेत आहे," हेडबाई म्हणाल्या.

"रिक्षा दारात हाय."

हेडबाईंनी मूर्तीकडे पाहिलं, मग गर्दीकडे. एकही माणूस त्यांच्या बाजूनं बोलेना. त्यांनी पर्समध्ये कपाटाची किल्ली चाचपली. "तुमच्यासारख्या पालकांमुळेच ना..." एवढं बोलून, कागद मुठीत धरून त्या रिक्षाकडे निघाल्या.

"चुरगाळू नका तो," सुरभीनं मागून सांगितलं आणि पुढची मूर्ती ओढून घेतली.