खरवडलेला काठ

माझ्यासारख्याने आठवणी लिहाव्यात हा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये. बरोबरीची मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला धावत होती तेव्हा मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं.

शेवटच्या वर्षी आमची सहल ताम्हिणीच्या जंगलात गेली. ओढ्याच्या सावलीतल्या काठावर मॅडमनी मार्केन्शिया दाखवली. शेवाळासारखी वनस्पती, मातीला चिकटलेली, चपटी, हिरवी. तिच्या अंगावर इवल्या वाट्या असतात. वाटीत पावसाचा थेंब पडला की आतले हिरवे कण उडतात आणि पडतील तिथे रुजतात. नमुना घ्या, म्हणाल्या. किती, ते विचारायची मला भीड वाटली. कमी पडायला नको म्हणून मी चाकूने हातभर काठ खरवडून पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मॅडमनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"अहो, आपण नमुना आणलात की ओढा?"

सगळे हसले. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की तो काठ त्या कित्येक वर्षं बघत आल्या होत्या. मार्केन्शियाच माती आणि ओल धरून ठेवते, नेच्यांची बारीक रोपं हिच्यातच वाढतात. ती गेली तर काठही ढासळेल.

मी पिशवी घरी नेली आणि ओलं फडकं घालून मोरीत ठेवली. आई म्हणाली, "शेवाळ घासून काढतात रे, पाळत नाहीत." पण सगळं ऐकल्यावर तिनेच सुचवलं, गावाकडे भिंत लिंपतात तसं चिखलात कालवून थाप. रविवारी स्वारगेटहून एसटीने त्याच ओढ्यावर गेलो आणि तसंच केलं. मॅडमना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "बघू."

पुढे हिंजवडीला एका कंपनीत लागलो. पाऊस जोरात लागला की खिडकीपाशी उभा राहून त्या उघड्या मातीचाच विचार करायचो. जाऊन बघायचा धीर मात्र होत नव्हता.

पुढच्या श्रावणात घरी पोस्टकार्ड आलं. वडिलांनी ते आधीच वाचलं होतं, पण मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. मॅडमचं अक्षर होतं : "काठ शाबूत आहे. तुम्ही लिंपलं तिथे वाट्या धरल्यात. यंदा मुलांना नुसतं बघायला नेलं."